ज्याला मी लाडवाचा डबा म्हणालो

संपादकांनी मला ‘मुक्त संगणकप्रणालींचं भवितव्य’ या विषयावर लिहायला सांगितलं, तेव्हा मी आधी नाही म्हणालो. नंतर हो म्हणालो ते एवढ्याचसाठी, की या विषयावर माझं मत का घेऊ नये हे लोकांना एकदाचं कळावं. ते भवितव्य मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. सांगलीजवळच्या एका खेड्यात, दूध संकलन केंद्राच्या खिडकीत, तेलाच्या रिकाम्या डब्यात ते माझ्यासमोर चालू होतं. मी त्याला चारचौघांत लाडवाचा डबा म्हणालो. लोक हसले. ज्यानं तो डबा केला तो माझा मित्र होता, आणि तो हसला नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. पुढं मी तोच डबा त्याला न विचारता उचलून आणला आणि आपला म्हणून मिरवला. या धंद्यात माझ्या हातून बिघडलेली यंत्रं पुष्कळ आहेत. त्यांतली बरीचशी पुन्हा चालू झाली. हे मात्र तसंच राहिलं, म्हणून लिहितो.

मी मूळचा कोरेगावचा. पदविकेसाठी सांगलीला आलो आणि तिथलाच झालो. नव्वदच्या दशकात सांगलीत मी संगणकाचे वर्ग घ्यायचो आणि जोडीला दुरुस्ती करायचो. दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा धूळ पुसणं आणि निघालेली वायर परत बसवणं. पण ते करताना चेहरा गंभीर ठेवावा लागे.

त्या काळात एका मासिकाबरोबर सीडी यायची. अशाच एका सीडीवर मला लिनक्स भेटलं. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऊसतोडीच्या टोळीत मुकादम असतो. तो स्वतः कोयता चालवत नाही. कुणी तोडायचं, कुणी मोळ्या बांधायच्या, गाडी कुणी भरायची, हे ठरवतो. संगणकातही असा एक मुकादम लागतो. पडदा, कळफलक, डिस्क, प्रिंटर या सगळ्यांना तो कामाला लावतो. त्यालाच संगणकप्रणाली म्हणतात. बाजारात विकत मिळणारा मुकादम आपल्या डोक्यात काय चाललंय ते कुणाला सांगत नसे. लिनक्सचं तसं नव्हतं. त्याच्या सगळ्या सूचना कुणीही वाचाव्यात, बदलाव्यात, दुसऱ्याला द्याव्यात. जगभरच्या लोकांनी मिळून तो घडवला होता. त्याच्या अटींतली एक अशी, की आपल्या आधी ज्यांनी काम केलंय त्यांची नावं पुसायची नाहीत.

ही अट कृपया लक्षात ठेवा. मी ती वर्गात दर आठवड्याला शिकवत असे.

मला या लिनक्सचं वेड लागलं. नवा भक्त जसा भेटेल त्याला प्रसाद देत सुटतो, तसा मी सांगलीभर सीडी घेऊन फिरलो. एका डॉक्टरांच्या संगणकावर मी ते बसवलं. त्यांचा प्रिंटर त्या दिवशी जो रुसला तो शेवटपर्यंत बोलला नाही. एका हळदीच्या आडत्यांना मी म्हणालो, “हे फुकट आहे.” ते म्हणाले, “मग तुमचा काय फायदा?” मी म्हणालो, “काहीच नाही.” त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं, गल्ल्याची किल्ली काढून खिशात टाकली आणि चहा सांगितला.

साताऱ्यात एका वाचनालयाच्या सभागृहात माझं व्याख्यान झालं. विषय हाच, भवितव्याचा. मी इर्जिकीचा दाखला दिला होता. एखाद्याचं रान नांगरायचं राहिलं, की गावातले लोक आपापली औतं घेऊन जातात आणि मजुरी न घेता एका दिवसात ते उरकून देतात. रानाच्या मालकानं फक्त जेवण घालायचं. लिनक्स ही जगाची इर्जिक आहे, असं मी म्हणालो. टाळ्या पडल्या. मग मी भवितव्य सांगितलं. लवकरच प्रत्येक घरात एक टेबल असेल, टेबलावर संगणक असेल आणि संगणकात लिनक्स असेल.

मागच्या रांगेतले एक निवृत्त सुभेदार उठले. “सर, एक डाउट आहे. ज्याच्या घरात टेबलच नाही, त्यानं काय करायचं?”

मी म्हणालो, “त्याला टेबल घ्यावं लागेल.”

लोक हसले. मला लोकांना हसवायची सवय होती. सुभेदार “ठीक है” म्हणून खाली बसले. आता वाटतं, त्या सभागृहात भवितव्याविषयी बोललेला माणूस तो एकटाच होता.

आता भूपालकडं येतो. भूपाल मगदूम माझ्याबरोबर पदविकेला होता. जैन शेतकऱ्याचं घर, थोडी जमीन, दारात म्हशी. वडील लवकर गेलेले, घरी आई एकटी. तिला सगळं गाव आक्का म्हणायचं. भूपाल सायकलवरून कॉलेजला यायचा आणि प्रयोगशाळेत माझ्याच बाकावर बसायचा. हुशार होता आणि तितकाच अघळपघळ. त्यानं उघडलेल्या वस्तूचे स्क्रू परत जेवढेच्या तेवढे बसले असं कधी झालं नाही. पदविका झाल्यावर त्यानं गावात टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं, पण गावात टीव्ही होते किती आणि त्यातले बिघडणार किती. पुण्याला चुलतभाऊ एका कारखान्यात होता, तो सारखा बोलवायचा. भूपालला जायचं नव्हतं. “म्हशी काय कारखान्यात न्यू?” म्हणायचा.

एके दिवशी तो माझ्याकडून भंगारातला एक जुना संगणक मागून घेऊन गेला. पडदा नको म्हणाला, कळफलकही नको म्हणाला.

“मग उरलं काय रं?” मी विचारलं.

“डोस्कं,” भूपाल म्हणाला. “आनि तुझी ती सीडी दे.”

त्याच्या गावातल्या दूध संकलन केंद्रात रोज भांडणं व्हायची. दूध संघानं वजनाचा इलेक्ट्रॉनिक काटा दिला होता, पण त्याचे आकडे दिसायचे ते आत बसलेल्या सेक्रेटरींना. बाहेर खिडकीशी किटली घेऊन उभ्या असलेल्या बायांना दिसायचं ते सेक्रेटरींचं डोकं. सेक्रेटरी बाळूतात्या काही लबाड माणूस नव्हते. पण आकडा त्यांनी सांगायचा आणि दुसऱ्यानं ऐकायचा, एवढ्यावर भांडणाला जागा होती.

भूपालनं काय केलं, तर तेलाचा पत्र्याचा डबा आडवा करून त्यात संगणकाचं डोकं बसवलं. त्यात लिनक्स. काट्याची वायर त्याला जोडली. मोडक्या टेलिफोनची बटणं काढून घेतली. सभासदाचा नंबर आणि दुधाचं फॅट तेवढं बाळूतात्यांनी दाबायचं. वीज गेली तर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायची सोय. आणि खिडकीच्या वर, रांगेकडं तोंड करून, एक फळी लावली. त्यावर तळहाताएवढे लाल दिव्यांचे आकडे. किटली काट्यावर ठेवली की आकडा शेवटच्या माणसालाही दिसायचा. शाळेत न गेलेल्या बायांनाही आकडे यायचे. एसटीच्या पाट्या आणि बाजारचे भाव त्यांना कुणी शिकवले होते? शेवटी छोट्या प्रिंटरवर पावती. पावतीच्या तळाशी इंग्रजी अक्षरांत एक ओळ: भूपाल टीव्ही रिपेअर.

पहिल्या दिवशी त्या डब्यानं बाळूतात्यांना शॉक दिला. दुसऱ्या दिवशी एका म्हातारीच्या नावावर सगळ्या गावाचं दूध लावलं. म्हातारी खूश होती. पण आठवड्याभरात डबा ठिकाणावर आला, आणि रांगेतली भांडणं बंद झाली. भूपाल मला ते बघायला घेऊन गेला. मी पाहिलं. पण संगणक म्हणजे टेबल, पडदा, त्यावर सरकणारा बाण, हे चित्र माझ्या डोक्यात पक्कं होतं. मला तिथं तेलाचा डबा दिसला.

ज्या संघाचं हे केंद्र होतं तो लहान होता. अशी तीन केंद्रं त्याच्याकडं होती. भूपालनं संघाकडं अर्ज केला, की तिन्ही केंद्रांना मी असे डबे करून देतो आणि सांभाळतो. संघ हो म्हणाला असता तर त्याचं गावात भागलं असतं. नाही म्हणाला तर पुणे. हे त्यानं मला सांगितलेलं होतं. ठरवायच्या बैठकीला चेअरमननी जाणकार म्हणून मला बोलावलं, तेव्हा भूपालला आनंद झाला. “आपलाच मानूस हाय,” असं तो बाळूतात्यांना म्हणाल्याचं मला नंतर कळलं.

बैठकीत भूपालनं डबा टेबलावर ठेवला आणि माहिती दिली. चेअरमन माझ्याकडं वळले. “मास्तर, तुमचं काय म्हणणं? ह्याला काम्पुटर म्हणायचं का?”

मला नीट उत्तर देता आलं असतं. पण समोर पंधरावीस माणसं बसली होती, चहा झाला होता आणि सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, “ह्याला संगणक म्हणायचं तर आमच्या घरच्या लाडवाच्या डब्यालाही म्हणावं लागेल. त्यात निदान लाडू तरी असतात.”

चेअरमन इतके हसले की त्यांना ठसका लागला. भूपालनं डब्याची वायर गुंडाळायला घेतली.

मग मी इर्जिकीचा दाखला देऊन लिनक्सविषयी बोललो. खरे संगणक घ्या, टेबलावरचे, त्यात मी फुकटची प्रणाली बसवून देतो, असं म्हणालो. संघानं तीन संगणक घेतले. कुणाकडून, ते वाचकांनी ओळखलं असेल. मी विक्रीच्या हेतूनं बोललो नव्हतो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. बसवण्याच्या मजुरीचा विषय काढला तेव्हा चेअरमन म्हणाले, “आवं मास्तर, तुमीच म्हनलासा, इर्जिक हाय. इर्जिकीला मजुरी कवा असती का? जेवान घालतो.” आणि त्यांनी मला खरोखर पुरणपोळीचं जेवण घातलं. पोळी उत्तम होती. ती घशाखाली उतरताना मला काही टोचलं असं मी आज लिहू शकलो असतो, पण ते खोटं होईल. मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

भूपाल पुण्याला निघाला त्या दिवशी सांगलीच्या स्टँडवर मला दिसला. मी हात केला. तो जवळ आला, बॅग खाली ठेवली.

“रागावलास व्हय रं?” मी म्हणालो.

“न्हाई. एक सांगतो, दिलप्या. तू खुलं-खुलं म्हनून भाषणं करतोस. तुझ्या काम्पुटरचं तोंड कुनाकडं हाय, तेवढं जाऊन बघ.”

मला वाटलं, राग बोलतोय. मी त्याला वाटेत खायला चिवडा घेऊन दिला आणि परत आलो.

तोंड कुणाकडं होतं ते पहिल्याच आठवड्यात कळलं. तिन्ही केंद्रांत माझा संगणक टेबलावर, सेक्रेटरीकडं तोंड आणि लोकांकडं पाठ करून बसला होता. बाकीच्या दोन गावांत लोक नुसतं कुरकुरले. भूपालच्या गावानं लाल आकडे बघितले होते. तिथल्या बाया किटल्या खाली ठेवून उभ्या राहिल्या.

“आकडं दावा,” त्या म्हणाल्या. “पयलं दिसत हुतं.”

बाळूतात्यांनी मला बोलावून घेतलं. मी पडदा फिरवून खिडकीकडं केला. आता बाळूतात्या म्हणाले, “मला दिसंना.” शिवाय सकाळचं ऊन पडद्यावर पडायचं आणि रांगेला त्यात आपलीच तोंडं दिसायची. मग शेजारच्या केशकर्तनालयातला मोठा आरसा बाळूतात्यांनी आपल्या डोक्यामागं टांगला. पडदा पुन्हा त्यांच्याकडं, आणि आरशात बघून रांगेनं आकडे वाचायचे. मला कल्पना आवडली. पडद्यावर मी ठळक, चौकोनी इंग्रजी आकडे केले. दुसऱ्या दिवशी एक आजोबा खिडकीला चिकटून उभे राहिले ते हलेनात. चौकोनी दोन आरशात पाच दिसतो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

“दोन लिटर, आबा,” बाळूतात्या म्हणत होते.

“आरसा पाच म्हनतोय. आरशापरमानं लिव.”

“आबा, तुमची म्हस पाच देती का?”

“म्हशीचं मला इचारू नगंस. आरसा कुनी लावला?”

मी सांगलीला येऊन दिवसभर बसलो आणि पडद्यावरचे आकडेच उलटे करून टाकले. आता आरशात सगळं सरळ दिसू लागलं. रांग खूश झाली. पण बाळूतात्यांच्या समोर सगळं उलटं, आणि ते त्यांना दिसेल तसं लिहीत होते. दोन दिवसांनी हिशेब जुळवायला घेतला तेव्हा त्यांनी आरसा काढून न्हाव्याला परत दिला आणि मला म्हणाले, “मास्तर, तुमी चांगलं मानूस हायसा. पर आता येऊ नगासा.”

त्यात भर म्हणजे पहाटेची वेळ, ओली फरशी, दुधाचे हात. कळफलकात दूध गेलं आणि दुधामागोमाग मुंग्या गेल्या. वीज गेली की संगणक बंद, आणि पुन्हा चालू झाला की काळ्या पडद्यावर इंग्रजीत नाव विचारायचा. बाळूतात्या त्याला मराठीत नाव सांगायचे, मोठ्यानं.

चेअरमन चिडले. माझी अब्रू पणाला लागली होती. तेव्हा मी जे केलं ते लिहिण्यासाठी हा सगळा लेख.

मी भूपालच्या घरी गेलो. आक्का सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मला ताक दिलं. डबा आत फळीवर होता, जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं झाकलेला. “आठवड्याला पुसती मी,” आक्का म्हणाल्या. “पोराची वस्तू हाय, धूळ बसाय नगं.”

“आक्का, हा मी केंद्रावर नेतो.”

“भूपालनं सांगितलंय व्हय?”

मी म्हणालो, “हो.”

“मग ने बाबा. कुनाच्या तरी कामाला यील.” त्यांनी तो त्याच लुगड्यात बांधून माझ्या हातात दिला आणि वर मूठभर शेंगा दिल्या.

मी भूपालला पत्र टाकायला हवं होतं. पुण्याचा पत्ता माझ्याकडं होता. टाकतो टाकतो म्हणत राहिलो. डबा खिडकीत बसवला, फळीवरचे लाल दिवे पुन्हा लागले, आणि भांडण त्याच सकाळी थांबलं. मग चाचणीसाठी एक पावती काढली, तेव्हा तळाशी भूपालची ओळ आली. मी विचार केला, ही जाहिरात आहे, संघाला चालणार नाही. हा विचार माझा मीच केला, संघाला विचारलं नाही. प्रोग्रॅम उघडला आणि ती ओळ काढून टाकली. फार सोपं होतं. सगळं खुलंच होतं ना.

त्याच आठवड्यात वर्गात मी मुलांना आधीच्यांची नावं न पुसण्याची अट शिकवली. तीच अट, नेहमीच्या आवाजात.

संघाच्या वार्षिक सभेत मला शाल आणि नारळ मिळाला. चेअरमन म्हणाले, “मास्तरांनी डोकं लढवून नवीन मशीन बसवलं.” डबा मी पांढऱ्या रंगानं रंगवून घेतला होता, त्यामुळं चेअरमननी तो ओळखला नाही. बाळूतात्यांनी ओळखला होता, पण भूपालनंच तो दिलाय असं मी त्यांनाही सांगितलेलं होतं. सभेत ते माझ्याकडं बघून टाळ्या वाजवत होते.

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी केंद्रावर होतो. टेलिफोनचं एक बटण अडकत होतं. त्या दिवशी जैन घरांतली माणसं पहाटे बस्तीत म्हणजे त्यांच्या मंदिरात जाऊन देवापुढं निर्वाणाचा लाडू चढवतात आणि मग कामाला लागतात. खिडकीशी एक किटली आली. मी मान वर केली तर भूपाल. अंगावर पांढरं धोतर, कपाळाला गंध, सरळ बस्तीतून आलेला.

त्यानं किटली काट्यावर ठेवली. वर लाल आकडा लागला. त्यानं आकडा बघितला, पांढरा डबा बघितला, पावती घेतली आणि तळापर्यंत वाचली. मग खिडकीतून वाकून मला हळूच विचारलं, “लाडू हायत का ह्यात?”

मी त्याच्या मागून पळत गेलो. गोठ्यामागं गाठलं. “भूपाल, माझं चुकलं रं.”

“हितं कोन हाय ऐकाय?” तो म्हणाला. “म्हस?”

मी मागं वळून बघितलं. म्हैसच होती.

“हसलास कुटं? चारचौघांत. आनि माफी गोठ्यामागं. आक्का काल म्हनली, बरं केलंस बाबा, डबा दिलास. मी म्हनलं, कुटला डबा? तिला वाटलं मी इसरलो. मी अजून तिला सांगितलं न्हाई.”

“मी सांगतो.”

“तूच सांग. मी कशाला माज्या तोंडानं सांगू तिला, की तुज्या हातचं ताक पिऊन मानूस खोटं बोलला.” तो निघाला आणि थांबला. “डबा वापर. त्येचं काय न्हाई. तू इचारलं असतंस तर मी तिकीट काढून येऊन बसवून दिला असता.”

हे वाक्य मला अजूनही हसण्यावारी नेता येत नाही. बाकी सगळं नेता येतं.

शेवट सांगण्याआधी पुढचं सांगून टाकतो, म्हणजे माझ्या माफीनं सगळं गोड झालं असं कुणाला वाटू नये. भूपाल गावात परत आला नाही. नोकरी लागली होती, तिची गोडी लागली होती. काही वर्षांनी आक्कांनी म्हशी विकल्या आणि त्या त्याच्याकडं पुण्याला गेल्या. चौथ्या मजल्यावर. संघानं पुढं बाजारातली तयार यंत्रं घेतली. त्यांचे आकडे रांगेकडं तोंड करून असतात, एवढं मी बघून आलो.

आणि भवितव्य. दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात आता फोन असतो. त्यातल्या बहुतेकांच्या पोटात तोच इर्जिकीतला मुकादम आहे, ज्याला मी टेबलावर बसवायला निघालो होतो. सुभेदारांच्या प्रश्नाचं उत्तर लोकांनीच दिलं. टेबल कुणी घेतलंच नाही. टीव्हीत, मोटारीत, घरातल्या इंटरनेटच्या डबीत, सगळीकडं तो बसलाय, पडद्याशिवाय, कळफलकाशिवाय, भूपालच्या डब्यासारखा. मात्र आतला मुकादम खुला असला तरी बाहेरचं यंत्र बऱ्याचदा सीलबंद असतं, आणि ते आपल्याविषयीचे आकडे कुणाला दाखवतं ते आपल्याला दिसत नाही. हे मी कुणी तज्ज्ञ म्हणून सांगत नाही. स्टँडवर बॅग खाली ठेवून भूपालनं जे विचारलं होतं, ते प्रत्येक नव्या यंत्राला विचारावं, एवढंच मला कळतं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी घरी बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि फराळाच्या खोलीतून लाडवाचा डबा आणला. “उद्या हा घेऊन जा,” ती म्हणाली. “आणि डबा परत आणा. एक नेला, त्याचं काय झालं ते बघितलं.”

पाडव्याच्या सकाळी मी केंद्रावर सगळ्यांच्या आधी पोचलो. आधी प्रोग्रॅम उघडून भूपालची ओळ होती तिथं परत लिहिली. मग रांग लागली. त्या दिवशी म्हशी सजवून फिरवायच्या असतात. काहींच्या हातांना शिंगांचा रंग लागलेला होता. रांगेत मध्ये भूपाल आणि आक्का किटली घेऊन उभे होते.

“बाळूतात्या, मला दोन मिनिटं बोलायचंय.”

“मास्तर, आज पाडवा हाय. चटक्यानं उरका.”

मी बाहेर ओट्यावर उभा राहिलो. सवयीनं सुरुवात केली, “बंधुभगिनींनो, मुक्त संगणकप्रणालीचं एक मूलभूत तत्त्व असं आहे...”

“काय म्हनत्यात?” मागून एका बाईनं विचारलं.

“दुधाचा दर वाढला असंल,” दुसरी म्हणाली.

भूपाल रांगेतून पुढं आला. माझ्या हातातला लाडवाचा डबा घेतला आणि खिडकीतून आत सरकवून काट्यावर ठेवला. वर फळीवर लाल आकडा लागला. सगळी रांग वर बघू लागली.

“ही मास्तरांची माफी,” भूपाल म्हणाला. “वजन बघून घ्या समदी.”

“फॅट किती?” आरशावरून भांडलेले आबा म्हणाले. “डालड्यातली हाय का तुपातली?”

“तुपातली,” मी म्हणालो.

“मग बोला.”

मी बोललो, पण इतकं हळू की ते पहिल्या दोन किटल्यांपलीकडं गेलं नाही. आक्का माझ्याकडं बघत होत्या. त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं.

“मागच्यास्नी ऐकू आलं न्हाई,” भूपाल म्हणाला. “साधं बोल, दिलप्या. भाषण नगं.”

मी पुन्हा म्हणालो, मोठ्यानं.

“खिडकीतला डबा भूपालनं केलाय. मी बैठकीत त्याला हसलो, म्हणून तो गावातून गेला. मग मी तो डबा त्याला न विचारता आणला आणि पावतीवरचं त्याचं नाव काढून टाकलं. शाल मी घेतली. आक्का, भूपालनं सांगितलंय असं मी तुम्हाला म्हणालो, ते खोटं होतं. भूपाल, माझं चुकलं. आक्का, माझं चुकलं.”